नदीपात्रातील पाषाणभेद : नाव, निवड आणि जबाबदारी

पाषाणभेद हे नाव उच्चारताच वैद्याच्या डोळ्यांसमोर अश्मरी, मूत्रकृच्छ्र आणि बस्तिशूल यांची चिकित्सा उभी राहते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मूत्रविरेचनीय महाकषायात या द्रव्याचा समावेश आहे. सुश्रुतसंहितेच्या वीरतर्वादि गणात ते अश्मभेदक या नावाने येते आणि वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात हा गण सांगताना अश्मभेद असा त्याचा उल्लेख केला आहे. भावप्रकाशाने त्याला अश्मघ्न, गिरिभित् असे पर्याय दिले आहेत. संहितांपासून निघंटूंपर्यंत इतकी अखंड परंपरा लाभलेली द्रव्ये फार नाहीत. असे असूनही काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन पाषाणभेद मागितला तर हाती नेमके काय पडेल, हे आज खात्रीने सांगता येत नाही.

या नावाचे एक झुडूप सह्याद्रीतील नद्यांच्या खडकाळ पात्रांत उगवते. रोटुला ॲक्वाटिका हे त्याचे शास्त्रीय नाव. दक्षिणेत, विशेषतः केरळात, पाषाणभेद म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते वापरले जाते. प्रस्तुत लेखाचा विषय हे झुडूप आणि त्याच्या निमित्ताने आपल्या व्यवसायापुढे उभा राहणारा एक प्रश्न हा आहे. आपण ज्या नावाने औषध देतो त्या नावाखाली काय देतो आणि ते कोठून आणतो, हा तो प्रश्न होय. औषधनिर्माते आणि चिकित्सक या दोघांनीही त्याचे उत्तर आता टाळू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खडकात रुजलेले झुडूप

रोटुला हे भोकराच्या कुळाशी नाते सांगणारे झुडूप आहे. उंची साधारणतः कमरेपर्यंत, फार तर पुरुषभर. फांद्या काटक व लवचिक असतात. पाने लहान, देठाकडे निमुळती होत जाणारी आणि आखूड फांद्यांवर झुबक्यांनी येणारी. फुले फिकट गुलाबी वा जांभळट, पाच पाकळ्यांची. फळे वाटाण्याहून लहान आणि पिकल्यावर नारिंगी-तांबडी होणारी. लुरेरो या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९० मध्ये कोचीन-चीन, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधील वनस्पतींवरील ग्रंथात या वनस्पतीला हे नाव दिले. जुन्या ग्रंथांत तिचा उल्लेख ऱ्हाब्डिया लायसिऑइडिस या नावाने सापडतो. संदर्भ शोधणाऱ्यांनी हे दुसरे नाव ध्यानात ठेवावे, अन्यथा एकाच वनस्पतीच्या दोन वनस्पती होतात.

भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियाबरोबरच दूरच्या ब्राझीलमधील नद्यांतही ती आढळते. सर्वत्र तिचे अधिष्ठान मात्र एकच आहे : वाहत्या नदीचे खडकाळ पात्र. अशा वनस्पतींना प्रवाहवासी म्हणता येईल. डच वनस्पतिशास्त्रज्ञ फान स्टीनिस यांनी १९८१ मध्ये जगभरातील प्रवाहवासी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या वनस्पतींची जीवनरीत विलक्षण असते. पावसाळ्याचे चार महिने नदी दुथडी भरून वाहते तेव्हा त्या पाण्याखाली जातात, प्रवाहाबरोबर वाकतात, पण मुळे खडकाच्या भेगांत घट्ट रोवलेली असल्याने उपटल्या जात नाहीत. पाणी ओसरले की खडक उघडे पडतात आणि त्याच फांद्यांना नवी पालवी व फुले येतात. पूर आणि उघडीप हे दोन्ही त्यांना हवे असते. जी झाडे पूर सोसू शकत नाहीत ती पात्रात टिकत नाहीत, म्हणूनच तेथे यांना जागा मिळते.

पाषाणभेद या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावली जाते. जे पाषाणासारख्या अश्मरीचे भेदन करते ते पाषाणभेद, हा कर्मावरून लावलेला अर्थ. जे पाषाण भेदून उगवते ते पाषाणभेद, हा अधिष्ठानावरून लावलेला अर्थ. नदीपात्रातील हे झुडूप पाहिले की दुसरा अर्थ चटकन पटतो. पण हिमालयाच्या ओल्या कड्यांवर उगवणारी बर्जेनिया पाहणाऱ्यालाही तो तितकाच पटतो. नाव गुण सांगते, ओळख पटवत नाही. आपल्या सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे.

एका नावाखाली अनेक द्रव्ये

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या पहिल्या भागाच्या पहिल्या खंडात पाषाणभेद म्हणून बर्जेनिया सिलिएटा या हिमालयीन वनस्पतीचा कंद स्वीकारला आहे. उत्तरेच्या बाजारात तोच पखानभेद म्हणून विकला जातो. केरळातील वैद्य ज्याला कल्लूर्वंची म्हणतात ते रोटुलाचे मूळ. शेरणी, म्हणजे होमोनोइया रिपारिया, ही एरंडकुळातील वनस्पती नदीपात्रात रोटुलाच्या शेजारीच उगवते. तीही याच नावाखाली वापरली जाते आणि काही आधुनिक ग्रंथांत तिला क्षुद्रपाषाणभेद म्हटलेले आढळते. याखेरीज कपूरमधुरी आहे, पथरचूर आहे आणि आपल्या घराघरांतील कुंड्यांत वाढणारी पानफुटीही आहे. राजनिघंटूनेही पाषाणभेदाचे एकाहून अधिक प्रकार मानले होते, म्हणजे हा प्रश्न आजचा नाही. बापालाल वैद्य यांनी १९८२ मध्ये संदिग्ध द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ आपल्यापैकी अनेकांनी पदव्युत्तर अभ्यासात हाताळला असेल. तेव्हापासून वनस्पतींच्या ओळखीची साधने कितीतरी पुढे गेली, व्यवहार मात्र तेथेच राहिला.

प्रस्तुत लेखकाने आपल्या चिकित्सालयासाठी निरनिराळ्या घाऊक व्यापाऱ्यांकडून पाषाणभेद मागवला असता एकाकडून आखूड, जाड, सुरकुतलेले, आतून तांबूस आणि चवीला अत्यंत तुरट असे कंदाचे तुकडे आले. दुसऱ्याकडून बारीक, काष्ठमय, कठीण मुळे आली. दोन्ही पोत्यांवर चिठ्ठी एकच होती आणि दोन्ही व्यापारी आपलाच माल अस्सल असल्याचे सांगत होते. अखंड स्थितीत हा भेद डोळ्यांना दिसतो, जिभेला कळतो. चूर्ण झाल्यावर तो कोणाला कळणार?

हा भेद केवळ नावापुरता नाही. बर्जेनियाच्या कंदात बर्गेनिन हे द्रव्य आणि भरपूर टॅनिन असते, त्यामुळे कषाय रस प्रबळ असतो. रोटुलाच्या मुळांत ॲलँटॉइन आणि ऱ्हाब्डिऑल ही द्रव्ये आढळल्याचे नमूद आहे. दोन्ही वनस्पती भिन्न कुळांतील, एकीचा कंद तर दुसरीचे मूळ, घटक भिन्न, रसाची तीव्रता भिन्न. ज्या रुग्णाला मलावष्टंभाची प्रवृत्ती आहे त्याला तीव्र कषाय रसाचे द्रव्य दीर्घकाळ देताना वैद्य विचार करतो. तो विचार करण्यासाठी आपण कोणते द्रव्य देत आहोत हे त्याला ठाऊक असले पाहिजे. वीरतर्वादि कषायाची केरळात तयार झालेली बाटली आणि उत्तरेकडे तयार झालेली बाटली यांत एका प्रमुख घटकाच्या जागी दोन निरनिराळ्या वनस्पती असण्याची शक्यता असते. रुग्ण एक संपल्यावर दुसरी घेतो आणि आपण दोन्हींचा परिणाम एकाच कागदावर एकाच नावाने नोंदवतो.

प्रतिनिधी द्रव्याचा युक्तिवाद

या विषयावर बोलू लागले की पहिले उत्तर मिळते ते असे : आपल्या शास्त्राला प्रतिनिधी द्रव्य मान्य आहे, मग एका पाषाणभेदाऐवजी दुसरा घेतला तर बिघडले काय? प्रतिनिधी द्रव्याची संकल्पना मान्य आहेच. भावप्रकाशात अमुक द्रव्याच्या अभावी अमुक घ्यावे, अशी योजना दिलेली आहे. परंतु त्या योजनेतील शिस्त आपण विसरतो. तेथे मूळ द्रव्याचे नाव सांगितले आहे, प्रतिनिधीचेही नाव सांगितले आहे आणि दोन्ही वेगळी आहेत हे उघडपणे मान्य केले आहे. एकाचे नाव दुसऱ्याला देऊन विकणे म्हणजे प्रतिनिधी योजना नव्हे. प्रतिनिधी तोच, जो आपण प्रतिनिधी असल्याचे सांगतो.

शिवाय येथे मूळ कोण आणि प्रतिनिधी कोण, हेच निश्चित नाही. केरळातील वैद्यपरंपरेला रोटुला हाच पाषाणभेद वाटतो आणि त्या परंपरेचा अनुभव दीर्घ आहे. उत्तरेला बर्जेनिया हाच खरा वाटतो. प्रस्तुत लेखकाला यांपैकी एकाला खोटे ठरवण्यात स्वारस्य नाही. दोन प्रदेशांतील वैद्यांनी आपापल्या पर्वतांत, आपापल्या नद्यांत जे सापडले त्यातून कार्यक्षम द्रव्ये निवडली, असे मानणे अधिक न्याय्य ठरेल. म्हणूनच दोघांनाही आपापल्या नावाने, स्वतंत्र द्रव्य म्हणून वागवले पाहिजे.

गुण येतो, हा दुसरा युक्तिवाद

दुसरे उत्तर व्यवहारी असते : आम्ही कोणताही दिला तरी गुण येतो. याचा विचार थोडा कठोरपणे केला पाहिजे. मूत्रवाहिनीत उतरलेल्या पाच मिलिमीटरपर्यंतच्या अश्मरीपैकी बहुसंख्य पुरेसे जलपान आणि काही काळ एवढ्यावरच आपोआप निघून जातात, हे सर्वमान्य आहे. अशा रुग्णाला पंधरा दिवस क्वाथ दिला आणि खडा पडला, तर श्रेय क्वाथाचे किती आणि निसर्गाचे किती, हे एकट्या रुग्णावरून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी अश्मरीचे आकारमान, स्थान, कालावधी आणि दिलेले द्रव्य यांची नोंद अनेक रुग्णांत ठेवावी लागते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी सोनोग्राफीच्या अहवालामुळे आज सहज मिळतात. चौथी गोष्ट, म्हणजे आपलेच द्रव्य, तेवढी अनिश्चित राहते. अशा नोंदींतून कोणताही निष्कर्ष निघू शकत नाही. उद्या कोणी या द्रव्याच्या कार्मुकतेविषयी शंका घेतली तर आपल्याकडे उत्तर नसेल, आणि त्याचा दोष शंका घेणाऱ्याकडे जाणार नाही.

सुश्रुताचार्यांनी अश्मरीला यमाची उपमा दिली आहे. नवीन अश्मरी औषधसाध्य, वाढलेली शस्त्रसाध्य, हा विवेकही त्यांनीच सांगितला आहे. अवरोधासह ज्वर असलेला रुग्ण, एकच वृक्क असलेला रुग्ण, मूत्रप्रवृत्ती थांबलेला रुग्ण यांना विनाविलंब शल्यचिकित्सकाकडे पाठवणे हे आपले कर्तव्य आहे. औषधसाध्य अवस्थेत आपण जे देतो ते नेमके असणे, हे त्याच कर्तव्याचे दुसरे अंग होय.

नदीपात्राची आजची स्थिती

आता या झुडपाच्या अस्तित्वाचा प्रश्न. औषधासाठी रोटुलाचे मूळ घेतले जाते. पान किंवा फूल घेतले तर झाड राहते. मूळ घेतले तर बहुधा जाते. खडकाच्या भेगेत रुतलेले मूळ काढायचे म्हणजे पहार घालून खडक उचकटावा लागतो. अशा रीतीने काढलेल्या झुडपाबरोबर पुढच्या रोपाला आधार देणारी भेगही नाहीशी होते.

मुळे काढणाऱ्यांना सगळा दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. या वनस्पतीचे अधिष्ठान अन्य कारणांनी झपाट्याने आकुंचन पावत आहे. धरणाच्या वरच्या अंगाला पात्र कायमचे बुडते आणि तेथे उघडीप उरत नाही. खालच्या अंगाला पुराची लय मोडते. पाणी ऋतूप्रमाणे न येता विसर्गाप्रमाणे येते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपताच बरगे घातले जातात. शेतीसाठी ते आवश्यक आहे, परंतु जे खडक नेमके त्या काळात उघडे पडायला हवेत ते पाण्याखाली राहतात. वाळूचा उपसा, यंत्रांनी केलेले पात्राचे खोलीकरण, घाटबांधणी आणि सुशोभीकरण यांत खडकांवरील झुडपांना कोणी जमेस धरत नाही. २०२१ च्या जुलैमधील चिपळूणच्या महापुरानंतर वाशिष्ठीतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. माणसांच्या जीविताच्या रक्षणासाठी अशी कामे करावीच लागतात, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. अपेक्षा इतकीच की, कोणत्याही नदीत यंत्र उतरवण्यापूर्वी खडकाळ पट्ट्यांत काय उगवते याची नोंद व्हावी आणि जे वाचवता येण्याजोगे आहे ते वाचवावे.

ही नोंद करण्याची व्यवस्था कायद्याने उपलब्ध आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार केली जाते. या नोंदवह्यांत वृक्षांची नावे येतात, पिकांची येतात, पण नदीपात्रातील झुडपे क्वचितच. ती ओळखू शकणारा माणूस गावात असेल तर तो बहुधा एखादा जाणता गुराखी, मासेमारी करणारा किंवा वैद्य असतो. तालुक्यात व्यवसाय करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी या नोंदीसाठी एक दिवस दिला तर शासनाच्या अनेक योजनांनी होणार नाही इतके काम होईल.

करण्याजोग्या गोष्टी

प्रश्न मांडून थांबणे उचित नाही. पुढील सूचना आजच्या परिस्थितीत अमलात आणण्याजोग्या आहेत.

पहिली सूचना औषधनिर्मात्यांसाठी. औषध नियमांतील नियम १६१ अन्वये आयुर्वेदिक औषधाच्या आवेष्टनावर घटकद्रव्यांची यादी वनस्पतिशास्त्रीय नाव, प्रयुक्तांग व मात्रेसह देणे अपेक्षित आहे. पाषाणभेदाच्या बाबतीत ही तरतूद केवळ उपचार म्हणून न पाळता खरेदीपासून पाळावी. आवेष्टनावर बर्जेनिया छापून आत रोटुला भरणे हा प्रकार बंद झाला पाहिजे. त्यासाठी कच्चा माल चूर्णरूपात न घेता अखंड स्थितीत घ्यावा, प्रत्येक खेपेचा नमुना जपून ठेवावा आणि बर्गेनिनसाठीची साधी थिन लेयर क्रोमॅटोग्राफी करून घ्यावी. ही चाचणी लहान फार्मसीलाही परवडणारी आहे. केरळ परंपरेनुसार योग बनवणाऱ्यांनी रोटुला वापरावी, पण तसे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही.

दुसरी सूचना चिकित्सकांसाठी. चिकित्सापत्रात नुसते पाषाणभेद न लिहिता पाषाणभेद (बर्जेनिया) किंवा पाषाणभेद (रोटुला) असे लिहावे. दोन शब्द अधिक लिहिण्याचा हा श्रम आहे. तेवढ्याने पाच वर्षांनी आपल्याच नोंदवहीतून काही शिकता येईल.

तिसरी सूचना लागवडीसंबंधी. पात्रातील रोटुला उपटून आणण्याची गरज राहू नये, असे पर्याय उपलब्ध आहेत. छाट कलमांपासून तिची रोपे तयार होऊ शकतात आणि उतिसंवर्धनाने तिची जलद वाढ करण्याची पद्धत २००३ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. ओढ्याकाठची, पावसाळ्यात पाणी वाहणारी, भातालाही निरुपयोगी ठरलेली दगडाळ पट्टी कोकणात आणि घाटमाथ्यावर पुष्कळ शेतकऱ्यांकडे असते. शेतकरी ही लागवड करील, परंतु मूळ खणण्याजोगे होईपर्यंत थांबण्यासाठी त्याला खरेदीची हमी हवी. ती हमी फार्मसीने लेखी स्वरूपात द्यावी. एकट्या लहान फार्मसीला ते शक्य नसेल, तर जिल्ह्यातील काही फार्मसींनी एकत्र येऊन द्यावी. २०२३ च्या सुधारणेने जैविक विविधता अधिनियमात लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना, उगमाच्या प्रमाणपत्राच्या अधीन राहून, काही सवलत मिळाली आहे. म्हणजे जंगली मालापेक्षा लागवडीचा माल घेणे आता कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचे झाले आहे.

चौथी सूचना आयुर्वेद महाविद्यालयांतील द्रव्यगुण विभागांसाठी. रोटुलाचे पान व कोवळी फांदी मुळाइतकी कार्यक्षम आहे का, याचा पद्धतशीर अभ्यास व्हावा. ती कार्यक्षम ठरली तर झुडूप न मारता औषध मिळेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी इतका उपयुक्त विषय शोधूनही सापडणार नाही.

लागवडीचे मूळ महाग पडेल, ही शंका रास्त आहे. काही वर्षे ते महाग पडेलच. परंतु आज जे स्वस्त वाटते ते स्वस्त नाही. त्याची किंमत नदी देत आहे आणि आपल्या पावतीवर ती लिहिलेली नाही इतकेच. शिवाय पात्रातील झुडपे संपल्यावर याच नावाची चिठ्ठी पोत्याला लागून आणखी एखादे मूळ बाजारात येईल आणि पाषाणभेदांच्या यादीत एकाची भर पडेल. संदिग्ध द्रव्यांची यादी अशीच वाढत आली आहे. ग्रंथकारांच्या मतभेदांनी तिची जेवढी वाढ झाली, तेवढीच ती टंचाईने आणि व्यापाराच्या मौनानेही झाली आहे.

आपल्या संघटनेने या वर्षी पाषाणभेद हे एकच द्रव्य हाती घ्यावे, असा प्रस्ताव येथे मांडावासा वाटतो. प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या बाजारातील पाषाणभेदाचे नमुने अखंड स्थितीत गोळा करून जवळच्या महाविद्यालयाकडे ओळखीसाठी पाठवावेत आणि जे निष्पन्न होईल ते व्यापाऱ्यांची नावे न देता याच अंकांतून प्रसिद्ध करावे. त्याबरोबरच आपल्या जिल्ह्यातील कोणत्या नदीच्या कोणत्या पट्ट्यात रोटुला अजून उभी आहे, तेही पाहून यावे. पाणी ओसरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंतचा काळ त्यासाठी योग्य आहे. इच्छुक सभासदांनी आपापल्या जिल्हा शाखेकडे नावे नोंदवावीत, म्हणजे येत्या हंगामातच कामाला आरंभ करता येईल.